वळणापलीकडची बोट

ता. ६, सोमवार

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे वेळेवर जेवतोय आणि भांडणंही वेळेवर होतायत. तुझ्या दाजींचा गुडघा पुन्हा कुरकुरायला लागलाय. दिवसभर दुकानात बसून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा गुडघा झिजतो कसा, हे कोडं मला लग्नापासून सुटलेलं नाही. विचारलं की डोळ्याला भिंग लावून खाली मान घालतात.

नदीच्या दोन काठांवर राहणाऱ्या बहीणभावानं एकमेकांना पत्रं लिहायची म्हणजे जरा थट्टाच आहे, पण तू दुसरा मार्ग ठेवला नाहीस. फोन केला की तुझं "ताई, नंतर करतो" ठरलेलं. शनिवारी तुझ्या घरी आले तर तू ड्यूटीवर गेलेला. तुझ्या बायकोनं, आपल्या मास्तरणीनं, चहा दिला आणि सहज म्हणाली, "आज तर यांची सुट्टी होती, अचानक बोलावलं म्हणे." मी चहा प्यायले, काही बोलले नाही. मी काही न बोलता चहा प्यायले म्हणजे किती मनावर घेतलं असेल, ते तू ओळखशील. म्हणून हे ऑफिसच्या पत्त्यावर.

पुढच्या सोमवारी मला कोर्टात साक्षीला बोलावलंय. नदीपलीकडची जी वस्ती उठवायची म्हणतात, तिथल्या लोकांच्या वकीलबाई दोनदा घरी येऊन गेल्या. त्यांना पुलाचं गौडबंगाल समजावता समजावता माझा घसा बसला. तेच तुलाही ऐकवते, म्हणजे मी कोर्टात काय बोलणार ते तुला आधीच कळेल आणि मागाहून म्हणायला नको की ताईनं अंधारात ठेवलं.

मी म्हटलं, बाई, पूल राज्याचा. लोखंड, रंग, ग्रीस, केबिनमधली मोडकी खुर्ची आणि माझा पगार, सगळं राज्याच्या रस्ते खात्याचं. पण खालून वाहतं ते पाणी केंद्राचं. नदी राष्ट्रीय जलमार्ग ठरलेली, म्हणून राज्यघटनेनं बोटींची वाहतूक केंद्राकडे दिली आणि रस्ता राज्याकडे. आणि आमचा पूल असा की त्याची पाती वर गेली की नदी मोकळी आणि रस्ता बंद, खाली आली की रस्ता मोकळा आणि नदी बंद. एकाच्या हातात दिला असता तर त्यानं दुसऱ्याचं नाक दाबलं असतं. म्हणून दोन कुलपं ठेवली. जलमार्ग कार्यालयानं वीज सोडल्याशिवाय माझ्या केबिनमधला हिरवा दिवा लागत नाही, आणि मी दांडा ओढल्याशिवाय पाती हलत नाहीत. शिवाय तोंडी नियम. कार्यालयातून फोनवर बोटीचं नाव सांगायचं, मी ते परत म्हणून दाखवायचं, आणि मगच दांडा ओढायचा. एकदा पाती वर गेली की कार्यालयानं "मोकळं" म्हटल्याशिवाय ती खाली आणायची नाहीत, कारण खाली बोट असली तर चेंदामेंदा व्हायचा.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, यात तिसराही कोणी आहे. नदी केंद्राला दिली, रस्ता राज्याला दिला. पण त्या रस्त्यावरून शांतपणे चालत जाऊन आपलं म्हणणं मांडायचा हक्क या दोघांपैकी कोणीच दिलेला नाही, म्हणून दोघांपैकी कोणाला तो काढूनही घेता येत नाही. कायद्यानं मर्यादा घालता येते, ती योग्य की अयोग्य हे कोर्ट बघतं. पूल उघडला त्या दिवशी तर मोर्चासाठी कोर्टाची परवानगी लोकांच्या हातातच होती. मला हे नवीन होतं. माझी समजूत अशी की सरकारनं दिलेलं सरकार कधीही परत मागू शकतं.

त्या दुपारचं सांगते. वस्ती उठवायच्या कायद्यावर विधानसभेची समिती हरकती ऐकायला बसली होती, तेवढी एकच दुपार. लोक पलीकडून निघाले. पुढे मास्तरीण, तिची ती पिवळी छत्री घेऊन. तिच्या शाळेची अर्धी मुलं त्या वस्तीतली, अर्जावर पहिली सही तिची. ती पुढे असणारच. लोक पुलाच्या तोंडाशी आले आणि माझ्या केबिनमध्ये हिरवा दिवा लागला. फोन आला. मी भोंगा वाजवला, दोन्हीकडची फाटकं पाडली आणि दांडा ओढला. पाती वर गेली.

मग मी बोटीची वाट बघत बसले. नदीचं वळण तुला माहीत आहे, त्यापलीकडचं मला दिसत नाही, तुमच्या जलमार्ग कार्यालयातून दिसतं. म्हणून आमचा सगळा कारभार विश्वासावर चालतो. बोट आली नाही. मी फोन लावत राहिले, कोणी उचलला नाही. उन्हं कलली तेव्हा "मोकळं" असा निरोप आला, तो तुमच्या शिपायाच्या आवाजात. तोपर्यंत समिती उठली होती. वेळेत कोणीही हरकत घ्यायला आलं नाही, सबब हरकत नाही, असं लिहून साहेबलोक घरी गेले आणि कायदा मंजूर झाला.

आता कोर्टापुढे एवढाच प्रश्न आहे की लोक आले नाहीत की त्यांना येऊ दिलं नाही. बोट असली तर ते लोकांचं दुर्दैव. बोट नसली आणि पूल मुद्दाम उघडला असला तर कायदा रद्द होईल आणि पलीकडची घरं वाचतील. राज्याचा वकील म्हणतो, नदी केंद्राची, आम्हाला काय माहीत. केंद्राचा वकील म्हणतो, आमच्याकडून निरोप गेल्याचं आम्हाला माहीत नाही, दिवा बिघाडानंही लागू शकतो, आणि पूल राज्याचा. दोघांनी कानावर हात ठेवलेत. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तशी गत त्या लोकांची.

इथे मला एकेक गोष्ट खटकतेय. मोठे साहेब, आमच्या रस्ते खात्याचे, गेल्या आठवड्यात स्वतः जिना चढून केबिनमध्ये आले. धाप लागली तरी हसत होते. म्हणाले, यंत्र जुनं झालंय, दिवा कधी कधी आपोआप लागतो, नाही का? आणि जाता जाता, पुलावरचं वाऱ्याचं काम आता वयाला झेपत नसेल, ऑफिसात बसायची जागा रिकामी आहे. दुसऱ्या दिवसापासून मला एक मदतनीस दिलाय. पँटची घडी अशी की कागद कापावा. मी त्याला कडक इस्त्री म्हणते. त्याला ग्रीसचा डबा कुठल्या बाजूनं उघडतात ते कळत नाही, पण माझे नातेवाईक कुठे कुठे नोकरीला आहेत ते त्याला जाणून घ्यायचंय. पाणी कुठेतरी मुरतंय, आणि माझ्या पायाशीच मुरतंय.

वकीलबाईंनी विचारलं, फोनवर कोण होतं? मी म्हटलं, आठवून सांगते. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

तुला एवढंच विचारायचंय. त्या दुपारी तू ड्यूटीवर होतास का, आणि बोट कोणती होती? नाव कळव. तेवढं नाव मिळालं तर मी मोकळी आणि तूही.

तब्येतीला जप. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी
ताई


ता. ९, गुरुवार

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. टाइप केलेलं. "सदर दिवशी सदर वेळी वाळूची बोट 'पाणकोंबडी' हिच्या मार्गक्रमणाकरिता पूल उघडण्याबाबत कळविण्यात आले होते, तथापि बोट तांत्रिक कारणास्तव वळणापूर्वी थांबली." खाली तुझी सही. सही तुझीच आहे, ती मी तपासली. पण तू कधीपासून 'सदर' लिहायला लागलास? तुझ्या लग्नात उखाणा घेताना चार शब्द जुळेनात म्हणून तू खोकल्याचं सोंग केलं होतंस. हे वाक्य तुझ्या हातून उतरलं असेल, तुझ्या डोक्यातून आलेलं नाही.

तरी मला बरं वाटलं. खरंच सांगते, नाव वाचून माझा जीव भांड्यात पडला. दाजींना म्हटलं, बघा, बोट होती. ते म्हणाले, झालं तर मग, आता झोप. आणि मी झोपलेही. पण सकाळी उठले तेव्हा मन मानेना. माझा स्वभाव तुला माहीत आहे. बाजारात टरबूज घेतानाही मी तीनदा वाजवून बघते.

कामावर जायच्या आधी बसनं बोटी दुरुस्त करतात तिथे गेले. 'पाणकोंबडी' तिथे आहे. लाकडी ठोकळ्यांवर पालथी पडली आहे, तळाला डांबर लावतायत. तिथल्या मिस्त्रीला विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, "पालथी घातली तेव्हा उन्हाळा होता, बाई." म्हणजे त्या दुपारच्या कितीतरी आधीपासून. तो डांबराचा कुंचला तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिला, म्हणजे मी रडत असणार.

तुला दुसरी कुठलीही बोट सापडली नाही? नदीवर एवढ्या बोटी आहेत. की ज्यानं कागद टाइप केला त्याला नदीचं काही माहीत नव्हतं आणि तू मुद्दाम त्याला दुरुस्त केलं नाहीस? हा दुसरा विचार मनात आला तेव्हा मला तुझ्याबद्दल जरा आशा वाटली. खोटं बोलणाऱ्याला खोटं नीट बोलता आलं नाही, तर त्याच्यात अजून काहीतरी शिल्लक असतं.

आता जे मी वकीलबाईंना सांगितलं नाही, आणि सोमवारच्या पत्रात तुलाही लिहिलं नाही, ते लिहिते.

फोन तुझा होता. माझी खात्री आहे. इतकी वर्षं आपण एकाच तारेच्या दोन टोकांना बसतो. ड्यूटीवर नातं आणायचं नाही, हे आपण पहिल्याच दिवशी ठरवलं. तू म्हणायचास, "नदी बोलतेय." मी म्हणायचे, "पूल ऐकतोय." मग बोटीचं नाव. तुझ्या साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा तू नदी होतास आणि मी पूल होते. लोक हसायचे, पण त्या हसण्यातच आपली शिस्त होती. त्या दुपारी तू "नदी" म्हणाला नाहीस. तू म्हणालास, "ताई, उघड." आणि मी बोटीचं नाव विचारायला तोंड उघडलं, तर म्हणालास, "मी सांगतोय ना."

आणि मी उघडला.

हे मला सगळ्यात जास्त लागतंय. केंद्राचा कोणी अधिकारी ओरडला असता तर मी नियम त्याच्या तोंडावर फेकला असता. मोठे साहेब गुडघ्यावर आले असते तरी दांड्याला हात लावला नसता. पण धाकटा "ताई" म्हणाला आणि माझा हात आपोआप गेला. दोन कुलपं दोन सरकारांच्या हातात दिली ती अशासाठी, की दोघं एकमेकांना ओळखत नसतील. त्यांनी हे कुठे गृहीत धरलं होतं की दोन्ही किल्ल्या एकाच ताटात जेवलेल्या भावंडांकडे येतील? इतकी वर्षं मला त्याचा अभिमान वाटायचा. लोकांना सांगायचे, माझा भाऊ केंद्रात आणि मी राज्यात, आमच्या घरात दोन्ही सरकारं नांदतात.

सोमवारी हे सगळं मी सांगणार आहे, बोटीचं नाव न घेता दांडा ओढला ते धरून. नोकरी गेली तर गेली. दाजी म्हणतात, आपण कशाला पडायचं यात, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, मूठ झाकलेली आहे ती माझी, आणि तिच्यात पलीकडची घरं आहेत. यावर त्यांनी भिंग लावलं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, मला कळतंय. तुला बोलताना माझंच काळीज कापलं जातंय. तरी तुला पकडून देणं हा माझा हेतू नाही. माझा संशय आहे की तुझ्या मागे कोणीतरी आहे. तू लाचेला भुलणारा नाहीस. बढतीसाठी एवढं करणारा नाहीस. तुला कशानं गाठलं, ते मला कळत नाही आणि म्हणून मी वेड्यासारखी सगळ्यांकडे संशयानं बघतेय. दूधवाल्यानं काल "भाऊ बरे आहेत ना" विचारलं तर मी त्याला "तुला काय करायचंय" म्हणून झटकलं.

एक गोष्ट मात्र तू करायची आहेस. शनिवारपर्यंत मास्तरणीला सांग. कोर्टात पहिल्या रांगेत ती बसणार आणि माझ्या तोंडून तिला नवऱ्याचं नाव ऐकावं लागणार, हे मला सहन होणार नाही. ती त्या उन्हात उभी राहून, ज्यानं कोणी पूल उघडला त्याला काय काय बोलत होती ते वाऱ्यानं माझ्या केबिनपर्यंत येत होतं. तिला तुझ्याकडून कळू दे.

वाट बघते.

ताई


ता. १२, रविवार

चि. धाकट्या,

शुक्रवारी तू केबिनमध्ये आलास, कडक इस्त्री जेवायला गेल्याची वेळ साधून. जिन्यावर तुझी पावलं ऐकली आणि रागाचं पाणी झालं. किती वाळला आहेस. तू बोलत होतास आणि मी नुसती ऐकत होते. त्या वेळी मी तुला होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तू जाताना "ताई, एवढं कर माझ्यासाठी" म्हणालास आणि मी तुझ्या शर्टाचं बटण लावलं. त्याचा अर्थ तू काय घेतलास ते मला माहीत नाही. म्हणून आज लिहून स्पष्ट करते.

तू म्हणालास की त्या सकाळी तुझा तो पत्त्यांच्या डावातला मित्र, पोलीस अधिकारी, त्याचा फोन आला. अलीकडच्या टोकाला बंदुका लावल्यात, लोक पूल ओलांडून आले तर गोळीबार होणार, आणि वहिनी पुढे आहेत, त्यांचं मी काही सांगू शकत नाही, असं तो म्हणाला. तुझ्या डोळ्यांपुढे पिवळी छत्री आली. बोटीचं खोटं नाव तोंडून निघेना, म्हणून तू मला "ताई" म्हणालास. बोटीचा कागद नंतर तुझ्या साहेबांनी पुढे केला आणि तू सही केलीस. हे ऐकून मी रडले. रडले कारण मी तुझ्याबद्दल त्याहून वाईट विचार केले होते.

पण धाकट्या, तू गेल्यावर मी केबिनच्या खिडकीशी उभी राहिले, रोज राहते तशी, आणि मला ती दुपार पुन्हा दिसली. वळणापलीकडचं मला दिसत नाही, पण अलीकडचं टोक माझ्या पायाखाली आहे. चौकापर्यंतचा सगळा रस्ता दिसतो. त्या दिवशी तिथे दोन पोलीस शिपाई होते. हातात छड्या. एक सावलीत बसून बुटाची नाडी बांधत होता, दुसरा फाटकवाल्याशी गप्पा मारत होता. गाडी नाही, बंदूक नाही, काही नाही. तुला तिथलं दिसत नव्हतं हे तुझ्या मित्राला पक्कं ठाऊक होतं. तुला पैसे दिले असते तर तू घेतले नसतेस. म्हणून त्यांनी गळाला तुझी बायकोच लावली.

जी बोट तू मला दाखवलीस, तशीच बंदूक त्यानं तुला दाखवली. आपण दोघांनीही वळणापलीकडचं न बघता विश्वास ठेवला.

आणि समजा बंदुका खऱ्या होत्या. मग तर जास्तच बोलायला हवं होतं. कोर्टानं परवानगी दिलेल्या माणसांवर पोलीस गोळ्या झाडणार आहेत, हे तुला सकाळी कळलं. कोर्ट उघडं होतं, फोन तुझ्या हातात होता. एक न्यायाधीश, एक वार्ताहर, एक मी, कोणालाही सांगता आलं असतं. तू कोणालाच सांगितलं नाहीस. भल्यासाठी केलं म्हणतोस. मोठे साहेबही मला भल्यासाठीच ऑफिसात बसवतायत. ज्याला ज्याला माझा दांडा हवा असतो, त्याला माझ्या भल्याची काळजी असते.

तू मागितलंस ते असं, की आवाज ओळखता आला नाही एवढंच मी म्हणावं. फोनवर आवाज फाटतो, कोणालाही पटेल. ते मी करणार नाही. तुझ्यावर माझा जीव आहे, आणि ते मी करणार नाही. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत.

आता एक सांगायचं राहिलंय आणि ते लिहायला मी मघापासून टाळाटाळ करतेय. मास्तरीण समोर बसली आहे.

ती सकाळी आली. उद्याच्या साक्षीची उजळणी करू म्हणाली. हसत आली होती. बोलता बोलता म्हणाली, "ताई, हे जेवत नाहीत, झोपेत दचकतात. तुम्ही बोला ना त्यांच्याशी, तुमचं ऐकतात ते." तिला वाटतंय तुला काही आजार आहे आणि तू तिच्यापासून लपवतोयस. शनिवार काल उलटून गेला होता. मी चहा ठेवला, साखर घालायची विसरले, पुन्हा घातली. तिनं वर बघितलं आणि सरळ विचारलं, "ताई, त्या दिवशी फोन कोणाचा होता?"

मी सांगितलं. बंदुकांचंही सांगितलं, पिवळ्या छत्रीचंही, तुझी बाजू जेवढी मांडता आली तेवढी मांडली. वकीलबाईंनीही एवढी मांडली नसती. आणि अलीकडच्या टोकाला काय होतं, तेही सांगितलं.

ती ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल, आणि तयारीही ठेवली होती. तिनं दोन्ही कप उचलले, विसळले, पालथे घातले, आणि ओले हात तसेच ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, ते त्यांना माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही."

मी पुलावर काम करते, मला दोन सरकारांमधलं कुलूप कळतं. तुमच्या दोघांमधलं कळत नाही. पण तिच्याबद्दल जे ठरलं ते तिला वगळून ठरलं, हे मात्र मला त्या समितीसारखंच वाटलं. तिथेही उत्तर माहीत होतं, म्हणूनच कोणाला ऐकून घ्यायचं नव्हतं.

हे पत्र मी तिच्यासमोर बसून लिहिलंय आणि तिनं पानापानानं वाचलंय. एका ठिकाणी तिनं माझा हात धरून थांबवलं आणि म्हणाली, ते किती वाळलेत हे लिहा. मी म्हटलं, लिहिलंय. पाकीट नको म्हणाली, असंच देईन. तेव्हा ती दारात उभी राहील आणि हातात हे कागद असतील. तू दार लावून घेऊ नकोस, आणि आजारी असल्याचं सोंग तर मुळीच करू नकोस.

उद्या सकाळी मी साक्ष द्यायला उभी राहीन आणि मला विचारतील, फोनवर कोण होतं. नाव मी घेणारच आहे. पण वकीलबाई म्हणतात, ज्याला स्वतःहून सांगायचं असेल त्याला कोर्ट माझ्याआधीही ऐकेल. तू आधी उभा राहिलास, तुझ्या मित्राचं नाव घेतलंस, त्या कागदाचं सांगितलंस, तर मग मला विचारतील, हे खरं आहे का.

मला फक्त 'हो' म्हणायला लाव, धाकट्या.

ताई